पहारा आणि भरवसा : कृष्णधवल तुरुंगपटांविषयी

जुने कृष्णधवल तुरुंगपट आणि तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, यांचा एकमेकांशी काय संबंध, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला इथून दिसतोय. (हशा) संबंध आहे. तो आधी सांगतो, मग सिनेमांकडे वळू.

तुरुंगपट म्हटलं की आपल्याला भिंत, गज, भुयार आणि पलायन आठवतं. माझं म्हणणं असं की, १९३० ते १९६० या तीस वर्षांतल्या उत्तम तुरुंगपटांचा खरा विषय भरवसा हा आहे. तुरुंग ही संस्थाच मुळी अविश्वासावर उभी असते. कुलूप, झडती, दिवसातून चारदा मोजणी, दाराला डोकावायचं भोक, या सगळ्याचा अर्थ एकच: तुझ्यावर आमचा विश्वास नाही. आता अशा जागी एका माणसाला दुसऱ्यावर विसंबावं लागलं, तर त्याने ते कशाच्या आधारावर करायचं? प्रश्न तुरुंगातला आहे, पण तो तुरुंगापुरता नाही.

सुरुवात १९३२ पासून करू. मर्विन लरॉय यांचा 'आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग'. पॉल म्युनीने त्यात जेम्स ॲलन हा पहिल्या महायुद्धातून परतलेला सैनिक उभा केलाय. बेकारीत वणवण फिरताना तो एका दरोड्यात नाहक अडकतो. दहा वर्षांची सक्तमजुरी, पायात बेड्या, दगड फोडणं. तो पळतो, शिकागोला जातो, इंजिनिअर म्हणून नाव कमावतो, आणि मग त्याचं गुपित फुटतं. इथून सिनेमाचा खरा गाभा सुरू होतो. राज्याचे अधिकारी त्याला शब्द देतात, की आपणहून परत ये, नव्वद दिवस हलकं काम कर, तुला माफी मिळेल. ॲलन त्या शब्दावर विसंबून परत जातो. राज्य शब्द पाळत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणानेच शेत खाल्लं, तसा प्रकार.

नीट बघा, इथे बंदी सरकारवर विश्वास ठेवतो आणि सरकार त्याला फसवतं. कायद्याच्या बाजूला उभं राहून शब्द मोडणारं राज्य, ही गोष्ट त्या काळात पडद्यावर दाखवणं सोपं नव्हतं. सिनेमात राज्याचं नाव घेतलेलं नाही, पण ते जॉर्जिया आहे हे प्रेक्षकांना ठाऊक होतं. कारण कथा ज्याच्या आयुष्यावर आधारलेली होती, तो रॉबर्ट बर्न्स सिनेमा झळकला तेव्हाही फरारी होता. त्याची शिक्षा सरकारने संपवली ती १९४५ साली. शेवटच्या प्रसंगात ॲलन रात्री आपल्या मैत्रिणीला भेटायला येतो. कसा जगतोस, असं ती विचारते. त्याचा चेहरा मागे मागे सरत काळोखात विरतो, आणि तिथून उत्तर येतं की चोरी करतो. निरपराध माणसाला राज्याने गुन्हेगार करून दाखवलं. तो काळोख रंगीत फिल्मवर इतका दाट झाला असता असं मला वाटत नाही.

दुसरा टप्पा १९४७. ज्यूल्स डासिनचा 'ब्रूट फोर्स'. बर्ट लँकेस्टर हा कैद्यांचा पुढारी कॉलिन्स, आणि ह्यूम क्रोनिन हा पहारेकऱ्यांचा प्रमुख मन्सी. हा मन्सी ग्रामोफोनवर वाग्नर लावतो आणि कैद्याला मारहाण करतो. युद्ध संपून दोनच वर्षं झालेली, त्यामुळे इशारा कुणाकडे आहे ते सांगायला नको. पण मन्सीचं खरं हत्यार रबरी नळी नाही. त्याचं हत्यार आहे खबऱ्या. कोण कुणाचा खबऱ्या आहे हे कळेनासं झालं की कैदी एकमेकांवर आपोआप पहारा ठेवायला लागतात, शिपाई कमी लागतात. कॉलिन्सचा बेत फसतो तो भिंतीमुळे नव्हे, आपल्यातलाच एक फुटल्यामुळे.

सिनेमा जबरदस्त आहे, पण माझी तक्रार आहे. डासिनने सगळं पाप मन्सीच्या माथी मारलंय. खलनायक इतका काळा रंगवला की प्रेक्षक सुटतो. हा एक माणूस गेला की तुरुंग ठीक होईल, असं समाधान घेऊन आपण घरी जातो. शिवाय प्रत्येक कैद्याच्या मागे एक बाई आणि एक हळवी पूर्वकथा जोडलेली आहे, म्हणजे हे सगळे मुळात भले लोक. सज्जनावर विश्वास ठेवायला काय लागतं हो? अवघड प्रश्न पुढे आहे.

तो प्रश्न विचारला फ्रान्सने. १९५६ साली रोबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' आला. याला गुन्हेपट म्हणता येणार नाही, कारण फोंतेन हा नायक नाझींशी लढणारा कैदी आहे. कथा आंद्रे देविन्यी यांच्या खऱ्या पलायनाची, १९४३ सालच्या लियाँमधल्या मोंल्युक तुरुंगातली. ब्रेसाँ स्वतः जर्मनांच्या कैदेत राहून आलेला होता. त्याने नायकाच्या भूमिकेसाठी नट घेतला नाही, फ्रांस्वा लतेरिये नावाचा तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी घेतला. (हशा) आमच्या विषयाच्या पोरांना एवढं तरी काम मिळालं.

सिनेमाभर आपण काय बघतो? हात. चमच्याचा दांडा घासून केलेली पटाशी, तिने दाराच्या फळ्यांच्या खाचा कोरणं, पलंगाच्या तारा आणि फाडलेलं कापड वळून केलेला दोर. कृष्णधवल चित्रणात लाकडाचा कण न् कण दिसतो, आणि तोच आपल्याला पुरतो. तयारी पूर्ण झाली की कोठडीत दुसरा कैदी आणून टाकतात. जोस्त नावाचं सोळा वर्षांचं पोर, अंगावर अर्धा जर्मन गणवेश. खबऱ्या असेल का? फोंतेनकडे वेळ नाही आणि पुरावा नाही. दोनच वाटा आहेत: त्याला मारायचं, किंवा बरोबर न्यायचं. तो त्याला बरोबर नेतो. पुढे एक भिंत येते, ती एकट्याने चढणं शक्यच नव्हतं. जोस्त नसता तर फोंतेन तिथेच अडकला असता.

आता यावरून 'विश्वास ठेवा, फळ मिळेल' असा बोध कुणी काढेल. तसा काढू नका, कारण चारच वर्षांनी जाक बेकरने 'ल त्रू' करून तो बोध मोडीत काढला. नावाचा अर्थ साधा, भोक. पॅरिसच्या सांते तुरुंगातला १९४७ सालचा पलायनाचा खरा प्रयत्न, त्यावर झोझे जोवानीची कादंबरी, आणि तिच्यावर हा १९६० चा सिनेमा. त्या प्रयत्नातला झाँ केरोदी स्वतः यात रोलाँची भूमिका करतो, आणि सुरुवातीला कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की ही माझी गोष्ट आहे. बेकर मात्र सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच काही आठवड्यांपूर्वी वारला.

कोठडीत चौघे जण, भुयार खणायचं ठरलेलं. तेवढ्यात पाचवा आणून टाकतात, गास्पार. सभ्य, गोड बोलणारा. त्याला सांगायचं की नाही? सांगतात. मग पाचही जण खणतात. काँक्रीट फोडण्याचा तो प्रसंग आठवा: कॅमेरा हलत नाही, संगीत नाही, घाव पडताहेत, हात बदलताहेत, मिनिटांमागून मिनिटं. बाटल्यांचं वाळूचं घड्याळ करतात, ब्रशच्या दांड्याला आरशाचा तुकडा बांधून दाराच्या भोकातून बाहेर बघतात. जिओ नावाचा त्यांच्यातला एक शेवटी ठरवतो की मी येणार नाही, माझ्यामागे आईला पोलिसांचा त्रास नको. तरीही तो इतरांसाठी खणत राहतो. स्वतःचा दमडीचा फायदा नसताना.

मग एके दिवशी गास्पारला तुरुंगाधिकारी बोलावतो. बायकोने तक्रार मागे घेतली, असं त्याला कळतं. पुढे काय बोलणं झालं ते बेकर दाखवत नाही. दोन तासांनी गास्पार परत येतो, चौघांना संशय येतो, तो त्यांची समजूत काढतो. आणि शेवटी त्या आरशाच्या तुकड्यात शिपायांची रांगच्या रांग दिसते. भरवशाच्या म्हशीला टोणगा! इतका वेळ त्या आरशातून हे बाहेर बघत होते, आता तुरुंग त्यातून आत बघतोय. रोलाँ गास्पारला शिवी देत नाही. त्याची कीव करतो.

चौघांनी चूक केली का? माझं उत्तर, नाही. फोंतेनची आणि यांची कृती तीच आहे, निकाल वेगळा लागला एवढंच. निकालावरून निर्णय जोखायचा असेल तर फोंतेन शहाणा आणि रोलाँ मूर्ख ठरतो, आणि मग विश्वास म्हणजे नुसता सट्टा. पुरावा हाती असेल तर विश्वासाची गरजच नसते, ते नुसतं ज्ञान. पुरावा संपतो तिथून विश्वास सुरू होतो, म्हणून तो फसू शकतो. फसू न शकणारा विश्वास म्हणजे पहाऱ्याचंच दुसरं नाव.

हे वाक्य घेऊन आता आपल्याकडे येऊ. १९५७, व्ही. शांताराम, 'दो आंखें बारह हाथ', लेखन ग. दि. माडगूळकरांचं. आधार औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या प्रयोगाचा. १९३९ साली मॉरिस फ्रीडमन आणि औंधच्या राजेसाहेबांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ सुरू झालेली ती खुली वसाहत. इथे प्रश्न उलटा होतो. विश्वास ठेवणारा जेलर आहे, आदिनाथ, आणि समोर सहा खुनी. डासिनसारखी इथे सज्जन कैद्यांची सोय नाही. या धाडसाला तोड नाही. बर्लिनला त्याचा गौरव झाला तो उगीच नव्हे.

पण तत्त्वज्ञानाचा एक काटा मला इथे टोचतो. कैद्यांना पळण्यापासून काय अडवतं? जेलरचे डोळे. ते समोर नसले तरी पाठलाग करतात. अठराव्या शतकाच्या शेवटी जेरेमी बेंथमने एका गोल तुरुंगाचा आराखडा मांडला होता. मधल्या मनोऱ्यातून पहारेकरी सगळ्यांना बघू शकेल, पण तो बघतोय की नाही हे कैद्याला कळणार नाही. मग कैदी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवील. १९७५ साली फूकोने याचं विश्लेषण केलं, आणि मला आदिनाथचे डोळे आठवले. भिंत पाडली, बेड्या काढल्या, आणि शिपाई नेऊन कैद्याच्या मनात बसवला. याला सद्सद्विवेक म्हणायचं की जास्त स्वस्त तुरुंग?

प्रश्न पुस्तकी नाही. सोसायटीच्या जिन्यात, शाळेच्या वर्गात, घरात कामाला येणाऱ्या बाईंच्या डोक्यावर आपण कॅमेरे लावतो आणि म्हणतो, आता निर्धास्त झालो. निर्धास्त झालो खरे, पण त्या बाईंवर विश्वास ठेवण्याची संधी आपण घालवून बसलो.

एवढं बोलून थांबतो. कुणाचा प्रश्न असेल तर घेऊ.

(प्रेक्षकांतून प्रश्न : म्हणजे शांतारामबापूंचा सिनेमा तुम्ही कमी प्रतीचा मानता का?)

अजिबात नाही. त्याच्या नावातच दोन्ही गोष्टी आहेत. डोळे आहेत आणि हातही आहेत. डोळ्यांचा भाग मला खटकतो. पण तेच बारा हात खडकाळ जमीन फोडतात, भाजी पिकवतात, तेव्हा हा सिनेमा ब्रेसाँ आणि बेकरच्या शेजारी जाऊन बसतो. एकत्र राबण्यातून माणसं एकमेकांना ओळखतात. हमी मिळत नाही. गास्पारनेही खणलंच होतं की. पण जिओनेही खणलं होतं, आणि त्याला तर बाहेर जायचंच नव्हतं. मी हे सिनेमे पुन्हा पुन्हा बघतो ते जिओसाठी.