लाभार्थी आणि माणूस

झोपडपट्टीत चालणाऱ्या समाजकार्याची भाषा एकदा तपासली पाहिजे. बालवाडी, पाळणाघर, शिवणवर्ग, व्यसनमुक्ती, युवक मार्गदर्शन अशी कार्यक्रमांची नावे पुष्कळ. पण ज्याच्यासाठी हे सारे चालते त्याचे अहवालातले नाव एकच असते : लाभार्थी. या लाभार्थ्याला वय असते, वजन असते, उत्पन्न असते. जात नसते, इतिहास नसतो. राग तर नसतोच.

दलित साहित्याने हाच माणूस निराळ्या नजरेने पाहिला. बाबूराव बागुलांच्या 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) मधली माणसे कोणाच्या भूतदयेची वाट पाहत नाहीत. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये कावाखान्यातल्या बाया चिंध्या, कागद, काचा वेचून घर चालवतात. गाव सुटले तरी गावाने लादलेले घाणीचे काम शहरातही पाठ सोडत नाही, हे तिथे उघड दिसते. अहवाल मात्र गरिबी जातीपासून तोडून मोजतो. मुलाने शाळा सोडली की कारण बापाच्या दारूत आणि आईच्या अज्ञानात शोधतो. अर्जावरचे आडनाव आणि पत्ता वाचून त्या मुलाला दारातूनच परत पाठवणारा मालक अहवालात कुठेच येत नाही.

मग वस्तीत कार्यक्रम नकोत काय? असे म्हणणे अविचाराचे होईल. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, मुंबईत मोफत वाचनालय चालवले, तरुणांनी दारू-जुगाराकडे वळू नये म्हणून हॉकी क्लबही काढला. वरवर पाहता हे आजच्यासारखेच कार्यक्रम. परंतु तिथे येणारा तरुण उद्या आपल्या हक्कासाठी उभा राहील, ही त्यांमागची दृष्टी होती. त्याच चळवळीने १९२७ साली महाडचे चवदार तळे गाठले.

आजच्या कार्यक्रमांना हीच कसोटी लावावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडीतून मुलांना आहार मिळतो, लसीकरण होते. त्याचे मोल कोणी नाकारणार नाही. पण ते काम करणाऱ्या सेविकेच्या हाती वेतन नव्हे, 'मानधन' पडते. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा सेवाभावाचा हा बुरखा त्यांनीच फाडला.

आमच्या लेखकांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. वस्तीची दुर्दशा आम्ही खूप लिहिली. परंतु ही संपावर गेलेली सेविका, विहारातल्या अभ्यासिकेत रात्र काढणारा विद्यार्थी, जयंतीच्या वर्गणीचा पैन् पैचा हिशेब देणारी पोरे आमच्या कथा-कादंबऱ्यांत कितीशी आली? वस्ती स्वतःला कशी सावरते, हे आम्ही लिहिले नाही तर ते अहवाल लिहिणाराच लिहील, आणि त्यात आमची माणसे पुन्हा लाभार्थीच असतील.