मानेसे-पोथीतील उमराव व त्यांच्या गढ्या

झुरिक नगरात सुमारे १३०० ते १३४० ह्या काळात सिद्ध झालेली मानेसे-पोथी हा मध्ययुगीन जर्मन प्रेमगीतांचा सर्वांत मोठा संग्रह होय. तीत ४२६ चर्मपत्रे, १४० कवी व १३७ चित्रे आहेत. आजच्या स्वित्झर्लंडच्या भूमीत नांदलेल्या उमराव घराण्यांच्या राहणीचा आरसा म्हणून ह्या चित्रांकडे पाहण्याची प्रथा आहे. ही प्रथा निर्दोष म्हणता येत नाही.

याकोब फॉन वार्ट ह्याचे चित्र घ्यावे. वृक्षाखाली स्नानपात्रात बसलेला हा वृद्ध कवी; एक स्त्री त्याच्या मस्तकी पुष्पमाला ठेवीत आहे, दुसरी पेला पुढे करीत आहे, आणि एक दासी भात्याने जाळ फुंकून पाणी तापवीत आहे. चित्र मोठे लोभस आहे. परंतु १ मे १३०८ रोजी राजा आल्ब्रेख्ट ह्याचा वध झाला, तेव्हा त्या कटात ह्याच घराण्यातील रुडोल्फ सामील होता. त्याला चाकावर बांधून देहान्त देण्यात आला व विंटरटूरजवळील वार्टची गढी हाब्सबुर्गांनी जमीनदोस्त केली. ‘फॉन’ हे अव्यय पंचमीचा अर्थ देते. ते ज्या स्थळाकडे बोट दाखविते, ते स्थळच नाहीसे झाले. टोगेनबुर्गचा काउंट क्राफ्ट शिडीवर चढून प्रियेकडून माला स्वीकारतो. त्या घराण्यात १२२६ मध्ये झालेल्या बंधुवधाची छायाही तेथे नाही.

पोथीतील अनुक्रम कालाचा नसून दर्जाचा आहे: प्रथम सम्राट हाइनरिख, मग राजे, ड्यूक, काउंट व त्यांखालील सरदार. बहुतेक चित्रांत ढाल व शिरस्त्राण कसोशीने रेखाटलेले आहेत. गढी मात्र एखाद्या सज्ज्यापुरती वा तटाच्या कंगोऱ्यापुरतीच उरते, आणि शेते, कुळे, सारा ह्यांना तर फारसे स्थान नाही. ही दृष्टी नगरवासीयाची दिसते. रुइडिगर मानेसे (मृत्यू १३०४) हा झुरिकच्या नगरसभेचा सभासद होता. त्याने व त्याच्या पुत्राने गीतांच्या पोथ्या जमविल्याचे योहानेस हाडलाउब ह्या कवीनेच सांगितले आहे. हक्क कुलचिन्हात व नावात गोठवून ठेवणे संग्राहकाला शोभते. त्यावरून गढीतील जीवन अनुमानणे धाडसाचे होय.

चित्रकारांना इतिहास अगदीच वर्ज्य होता, असे मात्र नाही. सम्राट सातव्या हाइनरिखच्या सेवेत इटलीत लढलेला व १३२० मध्ये मृत्यू पावलेला काउंट वेर्नर फॉन होम्बेर्ग हा त्यांनी नगराच्या तटापुढे, ऐन रणधुमाळीत रंगविला आहे.