तमाशा, ब्लॉकबस्टर आणि आम्ही

मरोळ नाक्यावर बसची वाट पाहत उभे राहिलो की सिनेमाच्या जाहिराती आपोआप वाचल्या जातात. चित्रपट नुकताच लागलेला असतो आणि त्याच्या नावाखाली 'ब्लॉकबस्टर' हा शब्द छापून तयार असतो. आमची मुलेही तो सहज बोलतात. हा शब्द मुळात कशाचा, हे आम्ही कधी विचारलेच नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमाने जर्मन शहरांवर चार हजार पौंडी बॉम्ब टाकत. घरांची अख्खी ओळ जमीनदोस्त करणाऱ्या त्या बॉम्बला वर्तमानपत्रांनी 'ब्लॉकबस्टर' म्हटले. 1943 च्या सुमारास अमेरिकी सिनेमाच्या जाहिरातींनी तो उचलला. 1992-93 मध्ये या शहरात वस्त्या जळताना आणि नंतर बॉम्बस्फोट होताना आम्ही पाहिले. करमणुकीच्या यशाला मोहल्ला उद्ध्वस्त करणाऱ्या बॉम्बचे नाव द्यावे, हे आम्हांला खटकायला हवे होते.

अफाट लोकप्रिय करमणुकीसाठी मराठीत शब्द नव्हता असे नाही. तो होता, आणि आमच्याच वाटेने आला होता: तमाशा. अरबीत त्याचे मूळ चालण्याशी जोडलेले आहे. फारसीत त्याचा अर्थ झाला फिरत फिरत पाहणे, मौजेने पाहणे. मराठीने त्याला फड दिला, ढोलकी दिली. शाहीर, डफ, मुजरा, कलगी-तुऱ्यातला तुरा हे शब्दही अरबी-फारसीतूनच आले. पेशवाईच्या अखेरीस लावण्यांनी गाजलेले सगनभाऊ मुसलमान, धंद्याने शिकलगार. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजाने मैदाने भरली.

तरी हा शब्द दोन्ही घरांनी टाकला. आमच्या घरात आई रागावली की "तमाशा मत करो" म्हणते. शेजारच्या घरात तेच "तमाशा करू नकोस" होते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले, तेव्हा 'लोकनाट्य' हे सोवळे नाव पुढे आले. गालिबच्या गझलेत जगाचे दर्शन घडवणारा शब्द आमच्या तोंडी शिवीसारखा उरला. यात तमासगिरांच्या जातीचा आणि नाचणाऱ्या बाईचा तिरस्कार आहे. तो तिरस्कार आम्हीही केला, हे कबूल केले पाहिजे.

शब्द बदलला की मोजमापही बदलते. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा तमाशाप्रधान चित्रपट 1959 साली आला आणि पुण्यात 131 आठवडे चालला. तेव्हा यश आठवड्यांत मोजत, म्हणजे लोक पुन्हा पुन्हा आले हे त्यात धरलेले असे. आज ते पहिल्या तीन दिवसांच्या कोटींत मोजतात. बॉम्ब एकदाच पडतो. तमाशाला मात्र माणसे चालत येतात आणि रात्रभर बसतात.

'ब्लॉकबस्टर' बोलू नका, असा फतवा आम्हांला काढायचा नाही. भाषा फतव्याने चालत नाही. परंतु मराठी आमची नाही असे जेव्हा कुणी सुनावतो, तेव्हा उत्तरादाखल दाखवायच्या शब्दांत तमाशा पहिला आहे. तो आपल्या लिखाणात मानाने यावा, एवढेच आमच्या लिहित्या मित्रांना सांगणे आहे.