खालची ओळ काळी

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानात शिरलं की लोक बरण्यांकडे बघतात. मी गल्ल्यामागच्या सीसीटीव्हीच्या पडद्याकडे बघतो. बहुतेक ठिकाणी तिथे नुसती दाटी असते. सोळा चौकटी, त्यातल्या चार एकाच फळीवर रोखलेल्या, दोन समोरच्या उजेडाने काळवंडलेल्या, एकीत कोळ्याने संसार थाटलेला. पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत एक दोन गाळ्यांचं दुकान आहे, मागच्या अंगाला भट्टी. त्यांच्या आठ चॅनलच्या डीव्हीआरला, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीला, कॅमेरे सहाच. त्या पडद्यासमोर मी चिक्की बांधून होईपर्यंतच काय, नंतरही रेंगाळतो.

पडद्यावर तीन बाय तीनची जाळी आहे. वरच्या ओळीत दार, बरण्यांची फळी, गल्ला. मधल्या ओळीत रस्ता, कोठी, भट्टी. खालची ओळ पूर्ण काळी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे सरकत जातं: चेहरा, मग पाठ, मग पैसे मोजणारे हात. बाहेर पडून ते मधल्या ओळीतल्या रस्त्यावर उगवतं. माणूस ज्या वाटेने चालतो त्याच वाटेने डोळा चालतो. साधी गोष्ट आहे, पण क्वचित दिसते, कारण कॅमेरेवाला जी वायर आधी हाताला येईल ती डीव्हीआरच्या पहिल्या सॉकेटात खुपसतो आणि पुढे वर्षानुवर्षं कोठीच्या शेजारी रस्ता आणि रस्त्याच्या शेजारी गल्ला नांदतो.

दुसरी खुबी म्हणजे एका कॅमेऱ्याकडून एकच काम घेतलंय. गल्ल्यावरचा कॅमेरा छताला, सरळ खाली बघणारा. त्यात चेहरा नाहीच. टाळू, वजनकाटा, ड्रॉवर आणि नोटा, एवढंच. शनिवार-रविवारी भुशी धरणावरून भिजून आलेली गर्दी दुकानात कोंबली गेली की चोरीपेक्षा जास्त वेळा होतो तो दुसराच तंटा: ‘मी पाचशेची दिली होती.’ त्यावर ही चौकट न बोलता निकाल देते. नोटेचा रंग दिसावा म्हणून नेमकी गल्ल्यावर पांढरी ट्यूब लावलीय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

दाराचा कॅमेरा मात्र चेहऱ्यासाठीच आहे, आणि इथे मालकाने हौसेला लगाम घातला. माणूस ओळखता यायचा तर चेहऱ्याच्या अंतरावर दर मीटर रुंदीला २५० ठिपके हवेत, असा आंतरराष्ट्रीय मानकातला हिशेब आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला आडवे १९२० ठिपके मिळतात. म्हणजे चौकटीत साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी घेतली की चेहरा विरघळू लागतो. २.८ मिलिमीटरची लेन्स सगळं दुकान पोटात घेते, म्हणून ती सर्रास खपते. पण तीनेक मीटरपलीकडचा माणूस तिला ‘कोणीतरी’ एवढाच दिसतो. दारावर ६ मिलिमीटरची लेन्स आहे. तिला अर्धं दुकान दिसत नाही, पण आत येणाऱ्याच्या भुवईवरचा व्रण दिसतो.

उजेडाचं तर विचारूच नका. दुकानाचं शटर म्हणजे उजेडाची भिंत. आतून बाहेर बघणाऱ्या कॅमेऱ्याला येणारा प्रत्येक माणूस कोळशाचा दिसतो. इथून थोड्याच अंतरावर कार्ल्याच्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी हाच प्रश्न उलट बाजूने सोडवलाय. दारावरच्या भव्य कमानदार गवाक्षातून येणारा उजेड आत शिरणाऱ्याच्या पाठीकडून, डोक्यावरून पुढे जातो आणि खोल आतल्या स्तूपावर पडतो. बघणाऱ्याच्या पाठीला उजेड, बघायच्या वस्तूवर उजेड. आपला कॅमेरा बसतो नेमका स्तूपाच्या जागी आणि बघतो गवाक्षाकडे. मग डब्ल्यूडीआर नावाची करामत वापरतात: कॅमेरा कमी-जास्त प्रकाशाच्या दोन प्रतिमा टिपून त्यांची एक करतो. चालतं ते, पण चेहरे जरा पिठूळ येतात. या दुकानात कॅमेरा समोर ठेवलाच नाही. शटरच्या आत, बाजूच्या भिंतीवर आहे. गिऱ्हाईक दोन पावलं आत येऊन बरण्यांकडे वळतं, त्या क्षणी रस्त्याचा उजेड त्याच्या गालावर तिरपा पडतो. कुणा छायाचित्रकाराने पोर्ट्रेटसाठी खिडकीशी बसवावं तसा चेहरा मिळतो, तोही फुकट.

पण या रचनेची खरी कसोटी पावसात लागते. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात जूनपासून पुढे रस्त्याची चौकट रात्री पांढरी होते. कॅमेऱ्याच्या भोवतीचे इन्फ्रारेड दिवे धुक्याच्या थेंबांवर पडतात आणि सगळा प्रकाश तिथूनच लेन्समध्ये परततो. खंडाळ्याच्या घाटात धुक्यात हेडलाइट वर केल्यावर होतं तेच. त्या ऊबदार दिव्यांभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो. इथे रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचे ते दिवे बंद करून चार हात लांब, पागोळ्यांच्या आत, एक साधा एलईडी लावलाय. प्रकाश एका जागेवरून, नजर दुसऱ्या जागेवरून. धुकं दिसतं, पण त्यातून जाणारा टेम्पोही दिसतो. वायर भिंतीच्या भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोका दिलाय, पाणी वळणावरून टपकून जावं म्हणून. झोका न दिलेल्या वायरीने पाणी थेट डीव्हीआरपर्यंत आलेली दुकानं याच बाजारात आहेत. आणि कॅमेऱ्यांच्या वीजपुरवठ्याची वायर पुरेशी जाड घेतलीय. नाहीतर १२ व्होल्टची बारीक, लांब वायर दिवसा निभावते आणि अंधार पडून दिवे लागले की भार वाढून कॅमेरा रात्रभर बंद-चालू होत राहतो. मालक मग कॅमेऱ्याला शिव्या घालतो, दोष वायरीचा.

पूर्वी हे सगळं कॉम्प्युटरमध्येच करत. टॉवरमध्ये चार कॅमेऱ्यांचं कार्ड खोचायचं, आणि पंखा शेंगदाण्याची टरफलं ओढत बसायचा. झोनमाइंडर हे लिनक्सवर चालणारं मोफत सॉफ्टवेअर त्याच काळातलं, २००२ चं. ते लिहिणाऱ्याच्या गॅरेजमधून हत्यारं चोरीला गेली होती, म्हणून ते जन्माला आलं. आता ते सारं काम एक चपटी पेटी करते.

त्या पेटीची स्मृती किती? एका कॅमेऱ्याला सेकंदाला दोन मेगाबिट धरले तर दिवसाला साधारण २१.६ जीबी, सहांचे १३० च्या घरात. दोन टीबीच्या डिस्कवर पंधरवडा मावतो, मग सर्वांत जुना दिवस पुसून नवा लिहिला जातो. हलणारं चित्र जास्त जागा खातं, म्हणून पावसाच्या सरी अन् झुलणाऱ्या झाडांची रात्र डिस्कला महाग पडते. दाट धुक्याची रात्र त्यामानाने स्वस्त.

आणि कोपऱ्यातली वेळ. डीव्हीआरच्या आतला चपटा सेल मेला की वीज गेल्यावर घड्याळ भलत्याच वर्षात जातं. इथलं घड्याळ इंटरनेटवरून जुळतं आणि बिलाच्या मशीनशी मिनिटाला मिनिट मिळतं. वेळेवरूनच वाद झाला तर चित्रीकरण कोर्टात कसं तोलतात ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीने शिकवलं. २०१४ मध्ये अर्जुन खोतकर तिथे २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आले, असं पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं, आणि वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणापर्यंत पोचला. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ यंत्रच समोर आणलं नाही, तर प्रतीसोबत तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. पेन ड्राइव्हवर क्लिप घेऊन चौकीत जाणाऱ्या दुकानदारांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

आता ती काळी ओळ. भट्टीचा कॅमेरा शेगडी, सिलिंडर आणि पाकाची कढई दाखवतो, आग लागली तर कळावी म्हणून. पाटावर चिक्की लाटणाऱ्या बायका त्या चौकटीबाहेर बसतात, डबाही तिथेच खातात. कॅमेरेवाल्याने आग्रह केला होता, चॅनल रिकामे आहेत, दोन अजून टाका, पैसे थोडेच लागतील. शेठ म्हणाले, “वीस वर्षं हाताखाली आहेत त्या, त्यांचं तोंड काय बघायचं?” या पडद्यातली सर्वांत चांगली जागा मला हीच वाटते.

एक दोष मात्र ढळढळीत आहे. पेटी ठेवलीय गल्ल्याखाली, उघड्या फळीवर. चोर शिरला तर पैशांबरोबर साक्षीदारही काखेत मारून नेईल. वर माळ्यावर कुलपात ठेवा म्हटलं, तर माळा भट्टीच्या डोक्यावर. तिथे उन्हाळ्यात डिस्क भाजून निघेल आणि गुळाच्या वासाने मुंग्या येतील. कोठीत ओल. शेवटी शेठ म्हणाले, “गल्ल्याखालीच जाळीचा लोखंडी पिंजरा करून घेतो, पण दिवाळीचा सीझन होऊ दे.”