एकच खलनायक पुरतो का?

अ‍ॅडम होकशिल्डचं १९९८ साली आलेलं ‘किंग लिओपोल्ड्स घोस्ट’ मी दोन रात्रींत वाचून काढलं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोत एकदाही पाऊल न ठेवता बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठ्या प्रदेशाचा मालक होतो, रबरासाठी लाखो माणसं मरतात आणि जहाज कंपनीतला एक कारकून त्याला उघडं पाडतो.

दिवसभर लॉग वाचत बसणाऱ्या माझ्यासारख्याला तो कारकून, ई. डी. मोरेल, फारच जवळचा वाटला. काँगोहून अँटवर्पला येणारी जहाजं रबर आणि हस्तिदंतानं भरलेली. परत जाताना मात्र बंदुका, काडतुसं. मोबदल्यात द्यायचा माल जवळपास नाहीच. म्हणजे रबर गोळा करणाऱ्यांना काही मिळतच नव्हतं! नुसत्या नोंदी जुळवून त्यानं वेठबिगारी ओळखली.

माझी तक्रार खलनायकाबद्दल आहे. होकशिल्डचा लिओपोल्ड म्हणजे सगळ्या जगाला टोपी घालणारा महाठग. पण पुस्तकातलेच पुरावे वेगळं बोलतात. एप्रिल १८८४ मध्ये अमेरिकेनं त्याच्या संस्थेच्या झेंड्याला मान्यता दिली. त्याच सुमारास त्यानं फ्रान्सला शब्द दिला, की कधी काँगो विकायची वेळ आलीच तर पहिला हक्क तुमचा. फ्रान्स खूश, कारण हा गडी लवकरच कंगाल होणार अशी त्यांची अटकळ. ब्रिटन आणि जर्मनीनं उलटं गणित मांडलं. हा बुडाला तर काँगो फ्रान्सच्या घशात जाईल, तेव्हा याला तगवा. एकमेकांवरचा अविश्वास हेच त्याचं भांडवल झालं.

बिस्मार्कनं तर लिओपोल्डच्या परोपकारी भाषेसमोर समासात ‘ठकबाजी’ असा शेरा मारला होता. तरीही नोव्हेंबर १८८४ मध्ये जर्मनीनं मान्यता दिलीच. फसलेला माणूस असा शेरा मारत नाही. त्याला सगळं कळत होतं आणि ते परवडत होतं. बर्लिन परिषदेत एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. लिओपोल्डच्या मान्यतेचे सौदेही मुख्य टेबलावर न होता बाहेर, दोघादोघांत पटले. होकशिल्ड हे सांगतो, पण पुढच्या प्रसंगाकडे धावता धावता. शेजारच्या फ्रेंच काँगोतही रबरापायी तशीच माणसं मेली, हे तर शेवटाकडे येतं. तोवर वाचकाचा सगळा राग एका दाढीवाल्या राजावर खर्च झालेला असतो.

मोरेल मात्र तिथं थांबला नाही. १९०४ मध्ये त्यानं काँगो रिफॉर्म असोसिएशन काढली. त्याच वर्षी ८ एप्रिलला ब्रिटन आणि फ्रान्सनं करार केला. इजिप्तमध्ये ब्रिटनला मोकळीक, मोरोक्कोत फ्रान्सला. जाहीर मजकुरात फ्रान्सनं म्हटलं, मोरोक्कोची राजकीय स्थिती बदलायचा आमचा इरादा नाही. गुप्त कलमांत मात्र सुलतानाची सत्ता संपल्यावर कोणता भाग स्पेनला जाईल हेही ठरलं होतं. ती कलमं १९११ मध्ये फुटली. पुढच्याच वर्षी मोरेलनं त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. १९१४ मध्ये गुप्त मुत्सद्देगिरीविरुद्ध संघटना उभारण्यात तो पुढे होता, आणि १९१७ मध्ये तुरुंगात गेला.

होकशिल्डच्या लेखी हा नायकाच्या आयुष्याचा उत्तरार्ध आहे. मला तो मोरेलनं स्वतःच्याच आधीच्या कामात केलेला बदल वाटतो. एका राजावर बोट ठेवून भागत नाही, हे त्याला स्वतःच्याच सरकारची कागदपत्रं वाचताना दिसलं होतं.

पुस्तक जरूर वाचा. फक्त फ्रान्सला दिलेल्या त्या शब्दाची पानं आली, की जरा वेग कमी करा.