एका फॉन्टची पेटी

मे महिन्यात रत्नागिरीत पडवीभर पेट्याच पेट्या. पेंढ्यात बसवलेले आंब्याचे थर, झाकणावर खिळे, बाजूला मार्का आणि डझनाचा आकडा. त्यांच्याशेजारी बसूनच मी एक वेगळी पेटी उघडली. जुन्या लॅपटॉपवर नुकतंच डेबियन लिनक्स टाकलं होतं. मालाची मराठी यादी उघडली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ‘रत्नागिरी’तल्या ‘र’च्या चौकोनात बारीक आकडे होते: ०९३०. तो त्या अक्षराचा युनिकोडमधला क्रमांक. म्हणजे अक्षर कोणतं हे यंत्राला ठाऊक होतं, ते रेखाटायला फॉन्ट तेवढा नव्हता.

याच गावातल्या टिळक आळीत १८५६ साली जन्मलेल्या लोकमान्यांनी देवनागरीच्या छपाईचे खिळे कमी कसे करता येतील यावर पुष्कळ डोकं चालवलं होतं. तेव्हा अक्षरं शिशाची होती. आता ती पॅकेजमधून येतात.

मला हव्या असलेल्या पॅकेजचं नाव फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी. आधी वस्तूची जात, मग घराणं, मग लिपी, मग भाषा. पोस्टातला माणूस पत्ता वाचतो तसं ते वाचावं. ‘देवा’ हा देवनागरीचा जगभर मान्य असलेला चार रोमन अक्षरांचा संकेत. ‘लोहित’ म्हणजे तांबडा, आणि ही अक्षरं सर्वांसाठी खुली केली ती रेड हॅट कंपनीने.

डेबियनची ही पेटी उघडली की आत तीनच वस्तू निघतात. पहिली फाइल अवघ्या चार बाइटची: दोन, टिंब, शून्य आणि ओळ संपल्याची खूण. पेटी कोणत्या पद्धतीने भरली आहे, एवढंच ती सांगते. उघडणाऱ्याने आधी हे वाचायचं, मगच आत हात घालायचा. चार बाइटमध्ये इतका शहाणपणा मी क्वचितच पाहिला आहे.

दुसरी वस्तू म्हणजे कागदपत्रं. नाव, आवृत्ती, सांभाळणारा कोण, वर्णन. कोणत्या यंत्रासाठी, या रकान्यात ‘ऑल’. फॉन्टमध्ये प्रोसेसरने चालवायचं काही नसतं, म्हणून एकच पेटी सगळ्यांना चालते. सोबत प्रत्येक फाइलचा ठसा, वाटेत काही बिघडलं का ते नंतर ताडून पाहायला.

तिसरी वस्तू म्हणजे खरा माल. नवशिक्याने इथे थोडं थांबावं. फाइली नुसत्या कोंबलेल्या नसतात. उतरल्यावर ज्या घरात राहायच्या त्याच घराच्या रचनेत त्या बसवलेल्या असतात, फोल्डरमध्ये फोल्डर, थेट फॉन्टच्या कप्प्यापर्यंत. इन्स्टॉल करणं म्हणजे मुख्यतः ही मांडामांड जागेवर उतरवणं आणि काय कुठे ठेवलं याची यादी लिहून ठेवणं. बदलांची नोंद आणि परवाना हेही त्यातच येतात.

पण मला सर्वांत आवडलं ते आत शिरल्यावर दिसणारं सौजन्य. नवा फॉन्ट आला की यंत्राला आपली फॉन्टची सूची ताजी करावी लागते. ते काम हे पॅकेज स्वतःकडे घेत नाही. फॉन्टकॉन्फिग नावाचं दुसरं पॅकेज त्या कप्प्यावर नजर ठेवून असतं. तिथे काही नवं आलं की ते आपणहून सूची नव्याने करतं. दहा फॉन्ट एकदम आले तरी एकदाच. पाहुण्याने घरातल्यांची कामं घरातल्यांवर सोडावीत, तसं हे.

याच्या उलट अनुभवही आहे. एका हिशेबाच्या प्रोग्रामची सेटअप फाइल मी ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत चढवली. पुढे प्रोग्राम काढून टाकला, तरी त्याचे फोल्डर मागे राहिले आणि यंत्र सुरू होताना त्याचा एक तुकडा रोज हजेरी लावत राहिला. काय कुठे ठेवलं याची यादी नीट ठेवली असती तर हे झालं नसतं. डेबियनमध्ये ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ असे दोन निरोप आहेत: पहिल्यात तुमच्या सेटिंग्जच्या फाइली जपल्या जातात, दुसऱ्यात त्याही जातात.

आणि कोकणातला पाऊस! मागच्या आषाढात एक मोठं पॅकेज चढत असताना लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी तर कधीच संपलेली. माझ्या पोटात गोळा आला. पण डीपीकेजी हा उतरवणारा प्रोग्राम नवी फाइल आधी जुनीच्या शेजारी वेगळ्या नावाने ठेवतो आणि पूर्ण उतरल्यावरच नाव बदलून तिला जागेवर बसवतो. कोणतं पॅकेज कुठवर आलं, नुसतं उघडलंय की मांडून झालंय, हेही तो लिहून ठेवतो. लाईट आल्यावर ‘अर्धवट राहिलेलं पुरं कर’ एवढी एक आज्ञा दिली आणि काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

फॉन्ट चढायला मात्र एक निमिषही लागलं नाही. यादी पुन्हा उघडली. चौकोन गेले होते. ‘लांजा’तला ‘ल’ आणि ‘शिरगाव’चा ‘श’ मी बराच वेळ पाहत बसलो. दोन्ही मराठी वळणाचे होते, शाळेत पाटीवर गिरवले होते तसेच.