अर्थशास्त्राच्या नवागत विद्यार्थ्याचे वाचनसाहित्य : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

पदवीच्या प्रथम वर्षास अर्थशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थ्याने काय वाचावे, या प्रश्नाचे उत्तर आपले विभाग सहसा संदर्भग्रंथांच्या यादीने देतात. प्रत्यक्षात कळंब, भूम वा परंडा येथील विद्यार्थी त्या यादीतील ग्रंथ क्वचितच हाती घेतो. त्याचे वर्ष अपेक्षित प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिकेवर निभावते. याचे खापर त्याच्या वाचनविमुखतेवर फोडणे सोपे आहे. परंतु उपलब्ध साहित्याची मांडणीच अशी आहे की, ज्या व्यवहारात तो वाढला तो व्यवहार त्याला पुस्तकात ‘अपवाद’ म्हणून भेटतो.

पुरवठ्याच्या नियमाचे उदाहरण घेऊ. किंमत वाढली की पुरवठा वाढतो, घटली की घटतो, असा हा नियम. बालभारतीच्या बारावीच्या पाठ्यपुस्तकात नियमानंतर अपवादांची नोंद येते व त्यांत शेतमाल आणि रोख पैशाची तातडीची गरज यांचा समावेश आहे. नोंद अचूक आहे, पण ती ओझरती आहे. सोयाबीनच्या सुगीत भाव उतरत असतानाही आडत बाजारातील आवक वाढतच जाते, हे आपल्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याने घरीच पाहिलेले असते. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, तरी त्या हंगामात मराठवाड्यातील अनेक बाजारांत माल त्याखाली विकला गेला. उधारी फेडावयाची आणि रब्बीचे बियाणे घ्यावयाचे, तेव्हा विक्री थांबविणे अनेकांना परवडत नाही. येथे अपवाद हाच नियम आहे. मार्गदर्शिका त्या अपवादांची चार गुणांची यादी करते व पुढे जाते.

याच ठिकाणी खरे अध्यापन सुरू होऊ शकते. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण कर्ज योजनेत सोयाबीन गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने मिळते. भाव ४००० धरला तर हाती ३००० येतात आणि सहा महिन्यांचे व्याज ९० रुपये होते. गोदामाचा आणि वाहतुकीचा खर्च निराळा. मग माल थांबविणे केव्हा लाभाचे ठरते? व्याज, अपेक्षा, जोखीम आणि पुरवठ्याची लवचिकता या चारही संकल्पना या एका हिशेबात येतात. अशी आकडेमोड असलेले प्रकरण कोणत्याही मार्गदर्शिकेची शोभा वाढवील. आपणांपैकी कोणीही ते दोन दिवसांत लिहू शकेल.

मराठीत नवागतासाठी लिहिण्याची परंपरा नाही, असे नव्हे. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे. इंग्रजी ग्रंथाच्या आधारे लिहिलेल्या या पुस्तकाचे नावच सामान्य वाचकाला परके वाटू नये असे होते. पुढे १८५५ मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे ‘अर्थशास्त्र परिभाषा’ आले. नंतरच्या मार्गदर्शिकांनी परिभाषा तेवढी उचलली, व तीही एकसारखी नाही : एका ठिकाणी ‘संधी खर्च’, दुसऱ्या ठिकाणी ‘वैकल्पिक खर्च’, तिसरीकडे ‘पर्यायी परिव्यय’. तिन्ही शब्द एकाच संकल्पनेचे आहेत, हे विद्यार्थ्याला बहुधा परीक्षेच्या आदल्या दिवशी उमगते! इंग्रजीतील सॅम्युएल्सन वा मॅन्क्यू यांची पुस्तके उत्तम आहेत, तथापि मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे प्रारंभीच ती ठेवणे म्हणजे भाषा आणि विषय या दोन परीक्षा एकाच वेळी घेणे होय.

राहिला प्रश्न आकडेवारीचा. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ तसेच ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ ही दोन्ही प्रकाशने मराठीत निघतात. समालोचनात लागवडीखालील क्षेत्र, पाऊस, बँका, पशुधन यांची कोष्टके मिळतात. परंतु कोष्टक कसे वाचावे याचे मार्गदर्शन जवळजवळ नाही. नवागताच्या दृष्टीने ही उणीव गंभीर आहे. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळे १९८१ च्या जनगणनेचा जिल्ह्याचा आकडा आणि १९९१ चा आकडा शेजारी ठेवल्यास लोकसंख्या एकाएकी घटल्याचा भास होतो. अशी तुलना करणाऱ्याने प्रथम जुन्या जनगणना पुस्तिकेतील तालुकानिहाय आकडे घेऊन लातूरकडे गेलेले तालुके वजा करावे लागतात.